दुसऱ्याच्या नावाने मागताना

मोठ हे झाशी जिल्ह्यातलं तहसिलीचं ठिकाण. झाशीहून कानपूरला जाणारा रस्ता आणि रेल्वे, दोन्ही या गावावरून जातात. इथल्या घरात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की त्याला झाशीला, महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतात. त्याच शहरात संत ज्यूडचं कॅथलिक तीर्थस्थान आहे. येशूच्या बारा शिष्यांतला हा यहूदा थद्दय. विश्वासघात करणारा यहूदा इस्कार्योत वेगळा. ज्यांची आशा सगळीकडून तुटली अशांचा कैवारी म्हणून कॅथलिक परंपरा ज्यूडला ओळखते. दर 28 ऑक्टोबरला त्याचा सण असतो. तिथे ख्रिस्ती येतात तसे हिंदूही येतात, आणि कितीतरी जणांचं मागणं स्वतःसाठी नसतं. कुणाच्या आईचं ऑपरेशन असतं, कुणाच्या भावाची नोकरी, कुणाच्या सुनेची कूस.

रुग्णालयात काय घडलं याची नोंद राहते. केसपेपर असतो, तपासण्या असतात, मृत्यूचा दाखला असतो. प्रार्थनेच्या बाबतीत फक्त मिळाल्याचं बोललं जातं. न मिळालेल्याचं कुणी बोलत नाही, लिहूनही ठेवत नाही. हे पुस्तक त्या न ठेवलेल्या नोंदीबद्दल आहे.

ख्रिस्ती मंडळी याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. मराठी वाचकाला कल्पना परकी नाही. यजमानाच्या नावाने संकल्प सोडायचा, अनुष्ठान दुसऱ्याने करायचं आणि फळ यजमानाच्या पदरात पडायचं, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. बंडाच्या धामधुमीत सापडून ते झाशीला पोचले आणि शहराचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ मराठी घरांत वाचला जातो तो लक्ष्मीबाईंसाठी, पण त्या प्रवासाचं मूळ कारण दुसऱ्यासाठी केलेलं धर्मकार्य आणि त्याचा मोबदला हेच होतं.

ख्रिस्ती मध्यस्थीत मात्र मंत्र नाही, मुहूर्त नाही, अधिकारी पुरुष लागत नाही. लहान मुलगीसुद्धा शेजारच्या काकांसाठी मागू शकते. (मिस्सासाठी, म्हणजे धर्मगुरूने करायच्या उपासनाविधीसाठी, दिल्या जाणाऱ्या दानाचा प्रश्न कॅथलिकांत आहे, त्यावर पुढे एक प्रकरण आहे.) देव पिता आहे, त्याला आपल्या माणसाचं सांगायचं, एवढंच. आणि शंका इथेच खोल जाते. मंत्राने फळ मिळतं असं मानणाऱ्याला उच्चार चुकला, विधी चुकला, असं म्हणून सुटता येतं. प्रेमळ पित्याकडे मागणाऱ्याला ती वाट नाही. त्याने मागितलं आणि मिळालं नाही, तर प्रश्न थेट पित्याच्या प्रेमाकडे जातो.

पवित्र शास्त्राला हा पेच माहीत आहे. अब्राहाम सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली येतो, आणि तरीही शहर जळतं. पौल अंगातल्या काट्याबद्दल तीनदा विनवतो आणि काटा तसाच राहतो. गेथशेमाने बागेत येशू स्वतः प्याला टळावा म्हणून मागतो, आणि प्याला टळत नाही. दुसऱ्या बाजूला याकोबाचं पत्र आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना त्याला बरं करील, असं स्वच्छ सांगतं. तिथे जर-तर नाही. गेली दोन हजार वर्षं मंडळी या दोन आवाजांच्या मध्ये उभी आहे. व्यासपीठावरून दुसरा आवाज जास्त ऐकू येतो आणि दफनभूमीत पहिला.

येशूचंच आणखी एक सांगणं या सगळ्याच्या मुळाशी आहे: तुम्ही मागण्याआधीच तुम्हांला काय हवं ते पित्याला ठाऊक असतं. मग मागायचं कशाला? तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला तो याच आक्षेपाला उत्तर म्हणून. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने दिलेलं उत्तर आजही कॅथलिक शिकवणुकीचा कणा आहे. प्रार्थनेने देवाचं मन बदलत नाही, पण काही गोष्टी प्रार्थनेच्या मार्गानेच द्यायच्या असं देवाने आधीच ठरवलेलं असतं. शेतकऱ्याने पेरणी करणं हे जसं पिकाच्या योजनेतच असतं, तसं मागणं हे मिळण्याच्या योजनेत असतं.

हे उत्तर मला हुशार वाटतं, आणि स्वतःसाठी केलेल्या प्रार्थनेपुरतं मान्यही करता येतं. मागण्याने माणूस नम्र होतो, देवावर विसंबायला शिकतो, म्हणून देवाने मागण्याची अट घातली, असं समजता येतं. बापाने मुलाला ‘नीट माग’ म्हणावं तसं. पण मी दुसऱ्यासाठी मागतो तेव्हा हे उत्तर मोडतं. तिथे शिकायचं मला आहे आणि बरं व्हायचं आहे दुसऱ्याला. मी विसरलो, झोपलो, माझा विश्वास कमी पडला, तर किंमत त्याने मोजायची? मी मागितलं नाही म्हणून शेजारच्या खाटेवरचं मूल मरू देणारा पिता शुभवर्तमानातला पिता नव्हे. आणि मी मागितलं नसतं तरी त्याने त्या मुलाला वाचवलंच असतं, तर माझ्या मागण्याने त्या मुलाच्या बाबतीत काय झालं? या दोन वाक्यांच्या पलीकडे जाणारं उत्तर मी शोधत आलो आहे. ब्रिटिश लेखक सी. एस. ल्यूइस यांनी 1959 मध्ये यावर निबंध लिहिला, अमेरिकन तत्त्वज्ञ एलिनॉर स्टंप यांनी 1979 मध्ये. दोघेही श्रद्धावंत आणि दोघेही प्रामाणिक. त्यांची मांडणी या पुस्तकात सविस्तर घेतली आहे. स्वतःसाठी केलेल्या मागण्याचं समर्थन त्यांत सापडतं, दुसऱ्यासाठी केलेल्याचं मला पुरेसं सापडलं नाही.

हा नुसता तर्काचा खेळ राहत नाही, हे झाशीत कळतं. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळं त्याच रात्री गेली. बाकीच्यांना माणसांनी खिडक्या फोडून बाहेर काढलं. त्या कक्षाबाहेर बसलेल्या प्रत्येक आईबापाने आपापल्या देवाला हाक मारली असणार. वाचलेल्या बाळाच्या आईने देवाचे आभार मानले, तर तिला अडवायचा अधिकार कुणालाही नाही. पण तिसऱ्या माणसाने, मग तो पाळक असो, पुजारी असो की शेजारी, ‘तुमची प्रार्थना ऐकली गेली’ असं म्हटलं की त्याच क्षणी दहा घरांना दुसरं काहीतरी सांगितलं जातं. तोंडाने नाही सांगितलं तरी सांगितलं जातंच. माझा विरोध त्या वाक्याला आहे.

मराठी ख्रिस्ती जीवनात मध्यस्थीचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग पंडिता रमाबाईंनी केला. या पुस्तकाचा मध्यभाग त्यांच्यावर आहे. कारण रमाबाई भोळ्या नव्हत्या. संस्कृत शास्त्रांची झाडाझडती घेतलेली ही बाई. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटिज इथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल तिने आपल्या ख्रिस्ती गुरुजनांशी पत्रांतून उघड वाद घातला. धर्मोपदेशकांच्या एका जातीच्या जोखडातून सुटून दुसऱ्या जोखडात मान द्यायला तिची तयारी नव्हती. पुढे तिने जॉर्ज म्युलर, हडसन टेलर अशा मिशनऱ्यांची चरित्रं वाचली. माणसांपुढे हात न पसरता केवळ देवाकडे मागून मोठी संस्था चालवता येते, असा त्यांचा दावा होता. रमाबाईंना तो पटला.

1896 मध्ये बुंदेलखंडापासून सुरू झालेला दुष्काळ मध्य प्रांतात पसरला, आणि रमाबाई तिथल्या उपाशी मुलींना आणायला गेल्या. त्या वेळी आणलेल्या मुलींची संख्या सुमारे तीनशे होती. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, आणि 1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करायला स्वेच्छेने पुढे या असं सांगितलं. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमू लागल्या, आणि त्या महिन्याच्या अखेरीस केडगावचं ते प्रसिद्ध संजीवन, म्हणजे सामूहिक धर्मजागृती, सुरू झालं. पुढे मुलींमध्ये नावांच्या याद्या वाटल्या गेल्या. मुक्तीत रोज 29,000 हून अधिक माणसांसाठी नाव घेऊन प्रार्थना होते, असं रमाबाईंनी 1907 च्या सुमारास लिहून ठेवलं.

या आकड्यापाशी थांबायला हवं. एकोणतीस हजार नावं. ज्या मुलींच्या आईबापांना दुष्काळाने नेलं, ज्यांच्यासाठी कुणी मागायला उरलं नव्हतं, त्याच मुली आता न पाहिलेल्या माणसांची नावं रोज सकाळी घेत होत्या. त्या नावांचं पुढे काय झालं हे तपासायचा मार्ग नाही. पण त्या मुलींचं काय झालं हे तपासता येतं. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, छापखाना चालवायला, विणायला, शेती करायला शिकल्या, आणि आपल्या शब्दाला जगात वजन आहे असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. ज्या समाजाने त्यांना ओझं मानलं त्याच्या भल्यासाठी त्या मागत होत्या. यात काहीही फसवं नाही. मुक्तीला अन्न कुठून मिळालं, हे मात्र साध्या कारणांनी सांगता येतं. म्युलर ब्रिस्टलला दर वर्षी अहवाल छापत, केडगावहून ‘मुक्ती प्रेयर बेल’ निघत असे, आणि तो वाचणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसांना गरज कळत असे. मागणं देवाकडे होतं, पण ते माणसांच्या कानावर पडत होतं, आणि द्रव्य माणसांनी पाठवलं. रमाबाईंचं मोठेपण याने कमी होत नाही. उलट त्यांनी उभी केलेली व्यवस्था, पत्रव्यवहार, हिशेब, प्रवास, सगळं नीट दिसू लागतं, आणि ते सगळं ‘प्रार्थनेने झालं’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळणं हा त्यांच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं.

ज्या वेळी मध्यस्थीबद्दल असा दावा केला जातो की तिने बाहेरच्या जगात काही बदलतं, त्या वेळी तो दावा तपासता येतो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1872 मध्ये हेच केलं. इंग्लंडच्या प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी मागितलं जाई, पण खात्यापित्या वर्गांत राजघराण्यांचंच सरासरी आयुष्य सर्वांत कमी भरलं. ही तपासणी ओबडधोबड होती. नंतरच्या शतकात रुग्णालयांत रीतसर चाचण्या झाल्या. 1988 मध्ये रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या 393 हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मध्यस्थीचा लाभ होतो असं म्हटलं. त्यांनी दोन डझनांहून अधिक निकष लावले होते आणि त्यांतल्या सहांत फरक दिसला. रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नव्हता. इतके निकष लावले की काहींत फरक निव्वळ योगायोगानेही दिसतो. तरी तो अभ्यास आजही उपदेशांत सांगितला जातो.

यांतली एक फार मोठी चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रियेचे 1,802 रुग्ण घेतले. खर्चाचा मोठा भाग टेम्पलटन फाउंडेशनने दिला. ही संस्था धर्माबद्दल आस्था ठेवणारी आहे, म्हणजे निकाल उलटा यावा अशी कुणाची इच्छा नव्हती. तीन ख्रिस्ती गटांनी रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर घेऊन चौदा दिवस प्रार्थना केली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना ते नक्की ठाऊक नव्हतं, त्यांच्यातल्या 52 टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यातल्या 51 टक्क्यांना. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या 59 टक्क्यांना.

तिसऱ्या आकड्याचा अर्थ प्रार्थना घातक असते असा कुणी काढू नये. तो योगायोग असू शकतो, किंवा ‘माझी तब्येत इतकी बिघडली आहे का?’ ही धास्ती. पहिल्या दोन आकड्यांबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. ज्यांच्यासाठी गटांनी प्रार्थना केली नाही, त्यांच्यासाठी घरच्यांनी केलीच असणार. तेव्हा चाचणी झाली ती अनोळखी माणसांच्या जादा प्रार्थनेची. पण अनोळखी माणसांच्या जादा प्रार्थनेवरच तर आजच्या प्रार्थनासाखळ्या उभ्या आहेत. व्हॉट्सअॅपवर नाव आलं, पुढे पाठवलं, रात्रीतून शेकडो जणांनी ‘आमेन’ लिहिलं. संख्या वाढली की वजन वाढतं, हा त्यामागचा विश्वास. तोच त्या चाचणीत टिकला नाही. आणि संख्येने वजन वाढतं असं मानलं, तर ओळखीपाळखी असलेल्या माणसाचं मागणं मोठं आणि मोठच्या बाजारात हातगाडी ओढणाऱ्या एकट्या माणसाचं छोटं ठरतं. हे ख्रिस्ती शिकवणुकीत बसत नाही.

देवाची परीक्षा पाहू नये, म्हणून अशा चाचण्याच गैर, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात तशी आज्ञा आहे. पण गिदोनाने लोकर खळ्यात ठेवून दोनदा खात्री केली, आणि कर्मेल डोंगरावर एलीयाने बआलाच्या संदेष्ट्यांपुढे उघड परीक्षा मांडली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, परीक्षा नको असेल तर साक्षही नको. रविवारी व्यासपीठावर उभं राहून ‘माझी गाठ प्रार्थनेने विरघळली’ असं सांगणं म्हणजे पुरावा मांडणंच आहे. पुरावा मांडायचा आणि उलटा पुरावा आला की ‘देवाची परीक्षा पाहू नका’ म्हणायचं, हे चालणार नाही. माझ्या पुस्तकाचा सगळा भर या एका मागणीवर आहे. यश मोजायचं असेल तर अपयशही मोजा. अपयश मोजायचं नसेल तर यशाबद्दल मौन पाळा.

कारण न मोजलेलं अपयश नाहीसं होत नाही. ते आजारी माणसाच्या अंगावर येतं. ‘विश्वास कमी पडला’, ‘घरात काही लपवलेलं पाप असेल’, ‘औषधं घेता म्हणजे पूर्ण भरवसा नाही’ ही वाक्यं कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांच्या उशाशी बोलली जातात. मध्यस्थी न फळल्याची लाज मध्यस्थाला वाटत नाही, रोग्याला वाटते. इन्शुलिन, क्षयाच्या गोळ्या, फिट्सची औषधं सोडायला लावणाऱ्या सभांबद्दल तर मुलाहिजा ठेवायचं कारण नाही. असं करणारा कोणत्याही धर्माचा असो, तो गुन्हा करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या 20 ऑगस्ट 2013 च्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि त्याचा रोख फसवणुकीवर आणि शोषणावर आहे, कुणाच्या श्रद्धेवर नाही. हा भेद मला मान्य आहे.

उत्तर प्रदेशात बसून हे लिहिताना तो भेद फार जपावा लागतो. इथे 2021 च्या धर्मांतरविरोधी कायद्याखाली घरातल्या प्रार्थनासभांवर तक्रारी होतात. 19 मार्च 2021 रोजी दिल्लीहून ओडिशाकडे चाललेल्या दोन नन आणि त्यांच्यासोबतच्या दोन तरुणींना धर्मांतराच्या संशयावरून झाशी स्थानकावर गाडीतून उतरवून चौकशीला नेलं गेलं, आणि कागदपत्रं तपासून सोडावं लागलं. या लोकांच्या प्रार्थनेवर शंका घेणं आणि त्यांचा प्रार्थनेचा हक्क काढून घेणं या एकमेकांपासून फार दूरच्या गोष्टी आहेत. पहिलं मी या पुस्तकभर करतो, आणि दुसरं करणाऱ्याने या पुस्तकाचं एक पानही आपल्या कामाला वापरू नये अशी माझी स्पष्ट इच्छा आहे. शेजाऱ्यासाठी डोळे मिटणारी चार माणसं कायद्याला कधीच धोका नसतात.

शंकेला उत्तर म्हणून बरेच जण म्हणतात, प्रार्थनेने निदान करणारा तरी बदलतो. तत्त्वज्ञ डी. झेड. फिलिप्स यांनी 1965 च्या आपल्या पुस्तकात याचं खोल रूप मांडलं. प्रार्थना ही देवाकडून काही घडवून घेण्याची युक्ती नसून, जे आपल्या हातात नाही ते तसं मान्य करण्याची भाषा आहे. मला ही मांडणी आवडते, पण ती सर्वसामान्य ख्रिस्ती माणसाची नाही हेही सांगायला हवं. संत ज्यूडपुढे उभी असलेली आई काही मान्य करायला आलेली नसते. तिला मूल जगायला हवं असतं. तिच्या मागण्याला सुसंस्कृत अर्थ देऊन तिची मागणीच गायब करणं मला बरोबर वाटत नाही. ती जे मागते तेच तिला हवं आहे, आणि ते मिळेल असं तिला कुणी वचन देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

पुस्तकाची रचना साधी आहे. आधी शास्त्रातले उतारे आणि त्यांचे अर्थ, मग अक्वायनसपासून आजपर्यंतचा वाद, मग मुक्ती सदन, मग रुग्णालयातल्या चाचण्या, आणि शेवटी मृतांसाठी मागण्याचा प्रश्न. मुंबईत माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना (मारियेच्या मध्यस्थीची प्रार्थना) आणि वांद्र्याच्या मोतमाउलीला (माउंट मेरीला) वाहिल्या जाणाऱ्या मेणाच्या हातापायांवरही एक प्रकरण आहे. तिथे ख्रिस्ती मध्यस्थी आणि आपला नवस यांच्यातली रेघ जवळजवळ पुसली जाते, आणि ते पाहण्यासारखं आहे. प्रकरणं सुटी वाचली तरी चालतील. शास्त्राचा परिचय नसलेल्याने मुक्तीपासून सुरुवात करावी.

मंडळ्यांना एक सूचना करावीशी वाटते, आणि ती मी मनापासून करतो. बऱ्याच चर्चमध्ये प्रार्थनाविनंतीची वही असते. तिच्यात नाव, आजार आणि तारीख असते. तिच्यात आणखी दोन रकाने आखावेत. पहिल्यात वर्षभराने त्या माणसाचं काय झालं ते लिहावं, बरा झाला की गेला, जसं असेल तसं. दुसऱ्यात त्या वर्षात मंडळीतलं कोण त्याच्याकडे गेलं, कुणी डबा पोचवला, कुणी रक्त दिलं, कुणी रात्री गाडी काढून झाशीला नेलं, ते नावानिशी लिहावं. आणि डिसेंबरच्या शेवटच्या उपासनेत ती वही पहिल्या पानापासून, एकही नाव न गाळता, मोठ्याने वाचावी.